वेटिंगवर आहात? मग घरी बसू नका

बारावीचा निकाल लागला की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर एकच प्रश्न फिरतो : ‘लिस्टमध्ये नाव लागलं का?’ केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके. या मोजक्या नावांसाठी अर्ध्या नाशिक जिल्ह्याचा जीव टांगणीला लागतो. नाव वेटिंगला गेलं की घर गप्प होतं आणि पोरगं मोबाइल उशाखाली सरकवून पडून राहतं. जागा हातची जाते ती या पडून राहण्याने.

वेटिंगची यादी का हलते, हे आधी समजून घ्या. एकच विद्यार्थी चार-पाच कॉलेजांत अर्ज भरतो. हाताशी असावी म्हणून बीएस्सीची जागा घेतो आणि डोळे इंजिनीअरिंग-फार्मसीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांकडे लावून बसतो. तिकडे नंबर लागला की इकडचा प्रवेश रद्द करतो. २०२५मध्ये इंजिनीअरिंगच्या चार कॅप फेऱ्या झाल्या. अशा प्रत्येक फेरीनंतर बीएस्सीच्या जागा सुटू शकतात. म्हणून सीईटी कक्षाचं कॅप फेऱ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावा, मग तुम्हाला इंजिनीअरिंगला जायचं असो वा नसो.

आता कामं. पहिलं : आपला नंबर कोणत्या प्रवर्गात कितवा आहे आणि गेल्या वर्षी त्याच प्रवर्गाची शेवटची यादी किती टक्क्यांवर थांबली, हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा. ‘वेटिंगला आहे’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

दुसरं : जिथे जागा मिळते आहे, तिथे आजच प्रवेश घ्या. ‘फी बुडेल’ या भीतीने पालक हात आखडता घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची अधिसूचना त्यांनी वाचावी. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा करून संपूर्ण फी परत द्यावी लागते. त्यानंतर परताव्याचे टप्पे घटत जातात, म्हणून तारीख पाहून पाऊल उचला. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायलाही याच अधिसूचनेने मनाई केली आहे. कुणी अडवलं तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरं : कागद. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता. नंबर लागतो तेव्हा हातात एक-दोन दिवसच असतात आणि त्याच दिवसांत सेतू केंद्रात रांग लागलेली असते. गुण असूनही केवळ दाखल्यापायी जागा जाणं, यासारखा अन्याय नाही. तो टाळणं आपल्या हातात आहे.

चौथं : देणगीचा दलाल. ‘वेटिंग क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७च्या कायद्याने बंदी आहे. हा पैसा पावतीशिवाय जातो आणि काम झालं नाही तर तो मागायला कुठेच जाता येत नाही.

पाचवं : कॉलेजच्या नावापेक्षा विषयाला धरा. आवडीचा विषय दुसऱ्या कॉलेजात मिळत असेल तर तिथे जा. दुसऱ्या वर्षी जागा असेल तर कॉलेज बदलता येतं. नोकरी करून शिकायचं असेल तर १९८९मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, आपल्याच गावाच्या वेशीवर आहे. त्याची पदवी कमी प्रतीची नाही. तिला नाकं मुरडणाऱ्यांनी पहाटे पेपर टाकून पदवी घेणाऱ्या पोरांकडे एकदा पाहावं.

पण हे सगळं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर सुरगाण्याची मुलगी आहे. नाशिक तिला ८०-९० किलोमीटर. कॉलेज रोडवर राहणारा मुलगा स्कूटर काढून दहा मिनिटांत नोटीस बोर्ड पाहून येतो. तिचा एसटीत दिवस जातो आणि बापाची मजुरी बुडते. यादी संध्याकाळी लागली आणि ‘उद्या दुपारपर्यंत फी भरा’ म्हटलं की तिची जागा मागच्याला जाते. तिचे गुण जास्त असले तरी. याला गुणवत्ता यादी म्हणायला माझं मन तयार नाही. ती जवळ राहणाऱ्यांची यादी झाली.

विद्यार्थ्यांनी काय करावं, ते वर सांगितलं. आता प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी करायचं. प्रत्येक फेरीनंतर वेटिंगचा चालू नंबर प्रवर्गनिहाय संकेतस्थळावर टाका. नंबर लागलेल्या प्रत्येकाला फोन करा आणि फोन केल्याची नोंद ठेवा. फी भरायला पूर्ण तीन दिवस द्या आणि ती ऑनलाइन, हप्त्याने घ्या. याला नवा कायदा लागत नाही. एक कारकून, एक टेलिफोन आणि थोडी लाज पुरते. पुढची यादी लागण्याआधी हे करा, आणि नाही केलं तर का नाही केलं, ते पेठ-सुरगाण्याच्या पालकांना समोर बसवून सांगा.