खेडहून ज्यू वारसा सहल : इच्छुकांसाठी सूचना

सर्वप्रथम सहलीचा म्होरक्या निवडावा. त्याला इतिहासाची आवड असावी, पण त्याने इतिहास वाचलेला नसावा. वाचलेला असला तर गाडी कधीच वेळेवर सुटत नाही. 'ज्यू वारसा' म्हटल्याबरोबर चारजण कोचीच्या तिकिटाची चौकशी करू लागतील. त्यांना भरणे नाक्यावर आणून गाडीचे तोंड उत्तरेला करावे. कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, वडखळ, अलिबाग. पासपोर्ट लागत नाही, मात्र सिनेगॉगच्या दारात ओळखपत्र विचारले जाण्याची शक्यता असल्याने आधारकार्ड खिशात असावे.

पहिला थांबा नवगाव. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल समाज, सांगत आला आहे. त्या आठवणीचे स्मारक इथल्या जुन्या दफनभूमीत आहे. 'चौदा' हा आकडा उच्चारताच सहलीतला कोणीतरी ताठ होईल. समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केले ही चित्पावनांची कथा, आणि परशुरामाचे देऊळ तर आपल्या लोट्यापुढे हाकेच्या अंतरावर! या वादाला दहा मिनिटे राखून ठेवावीत. विद्वानांनी त्यात कित्येक वर्षे घालवली आहेत आणि गलबत अजून किनाऱ्याला लागलेले नाही.

स्थानिक ज्यू गृहस्थ भेटल्यास 'तुम्ही मूळचे कुठले?' हे विचारू नये. विचारलेच तर उत्तर 'किहीम' असे येईल आणि जेरुसलेमच्या अपेक्षेने पुढे केलेला मोबाईल खाली घ्यावा लागेल. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. आडनाव लावण्याची रीत खेडेकरांना नव्याने समजावून द्यायला नको. हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. 'मग तुम्ही इस्रायलला का नाही गेलात?' हा प्रश्न पूर्णपणे वर्ज्य. आपल्याला कोणी 'तुम्ही मुंबईला का नाही गेलात?' विचारले की कसे वाटते, ते आठवावे.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. स्थापना १८४८, आताची इमारत १९१०ची. आत जाताना डोके झाकावे. टोपी नसेल तर हातरुमाल चालतो, फक्त त्याने आधी घाम पुसलेला नसावा. नारळ बरोबर नेऊ नये, तो फोडायला जागा नाही. मूर्ती शोधू नये. शनिवारी पाहुणचाराची, फोटोंची आणि पैशांची भाषा करू नये. तो शब्बाथ, विश्रांतीचा दिवस.

जवळच खंडाळ्याला 'एलियाहू हनावीचा टापा' आहे. संदेष्टा एलियाहू अग्निरथातून स्वर्गाला गेला तो इथून, अशी श्रद्धा. रथाच्या घोड्याच्या टापांची आणि चाकाची खूण म्हणून खडक दाखवतात. ही खूण खरी का, असे विचारणाऱ्याने आधी कोकणात असा खूण नसलेला एक तरी खडक दाखवावा. इथे लोक नवस फेडायला येतात आणि मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. ताट समोर आले की आपल्यापैकी एकीने 'आमच्याकडे यात वेलची घालतात' असे म्हणायचे असते. प्रार्थना संपेपर्यंत तिला धरून ठेवावे.

संग्रहालय पाहिल्याशिवाय सहल झाली असे ज्यांना वाटत नाही, त्यांना सांगावे की कोचीचे एक जुने सिनेगॉग आतून उचलून जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये काचेसारखे जपून मांडले आहे. आपल्याकडचे अजून जागेवर आहे. त्यांना मुंबईला न्यावे. मशीद बंदरच्या ज्या स्थानकावर उतरून आपण वर्षानुवर्षे घाऊक सुकामेवा आणला, त्याचे नावच मुळी सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलेल्या 'शआर हारहमीम' सिनेगॉगवरून पडले, असे सांगतात. ते स्थानकापासून जवळच, सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. काजूचा भाव नंतर विचारावा.

परतताना वडखळला कोंडी लागणारच. तेवढ्या वेळात खर्चाचा तपशील लिहून काढावा. पांढऱ्या कांद्याच्या माळा 'वारसा' या सदराखाली दाखवाव्यात. अलिबागच्या कांद्याला भौगोलिक मानांकन असल्याने हिशेब तपासणाऱ्याला आक्षेप घेता येणार नाही.