पारा आणि ग्रामपंचायतीची हद्द

गेलेल्या ट्यूबलाइटचे काय करायचे, याचे उत्तर सरकारने 2016 सालीच देऊन ठेवले. त्या घनकचरा नियमांनुसार पारा असलेल्या ट्यूब आणि सीएफएल हा घरगुती घातक कचरा होता. तो वेगळा ठेवायचा आणि दर 20 चौरस किलोमीटरमागे उघडायच्या केंद्रावर नेऊन द्यायचा. अडचण एवढीच, की ते नियम शहरांसाठी होते आणि वरवट बकाल पडले खेडे. त्यामुळे शेगाव शहरात घातक ठरलेली नळी वरवट बकालच्या एसटीत बसली, की हद्दीबरोबर तिचा स्वभावही पालटायचा! गावात नियम नव्हता, तरी पारख आहे. भंगारवाला पत्र्याची पट्टी घेतो, चोक तर आवडीने घेतो, कारण त्यात तांब्याची तार असते. टोकांना काळी पडलेली नळी मात्र तो हात न लावता सोडतो. मग ती उकिरड्यावर जाते, पोरे ती फट्‌कन फोडतात आणि पुढे कधीतरी उकिरडाच पेटवला जातो.

यावर कोणी म्हणेल, एका सीएफएलमध्ये पारा तो किती, काही मिलिग्रॅम. खारपाण पट्ट्यातल्या या गावात गोड्या पाण्याचेच वांधे, तिथे हे कौतुक कशाला? एक दिवा फुटल्याने आभाळ कोसळत नाही, हे कबूल. खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबावे, झाडू न मारता पुठ्ठ्याने काचा गोळा करून बरणीत बंद कराव्यात, झाले. पण पारा नासत नाही. पाण्यात गेला की जिवाणू त्याला आणखी विषारी करतात आणि माशांवाटे तो ताटात येतो. जपानच्या मिनामाता शहराने माशांवाटे आलेल्या पाऱ्याचा फटका सोसला; तिथला आजार 1956 साली उघडकीस आला. पाण्याचे आधीच वांधे असलेल्यांनी तर जास्तच जपायला हवे.

दुसरा आक्षेप एलईडीचा: ती आली, मग जुन्या नळ्यांची चिंता कशाला? तिच्यात पारा नाही, हे खरे. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी ट्यूबचे उत्पादन 2027 अखेर थांबवायचे ठरवले आहे आणि भारत 2018 पासून त्या करारात आहे. पण बनवणे थांबले म्हणून माळ्यावरच्या नळ्या विरघळत नाहीत. उलट त्या आताच खाली उतरणार. नवा माल गावातल्या दुकानापर्यंत बिनचूक पोचतो, तेव्हा कोणी चौरस किलोमीटर मोजत नाही. माल उतरवून परतणाऱ्या गाडीत जुन्या नळ्यांचे एक खोके सहज मावेल. गिऱ्हाईक विचारेल, नळी परत देऊन मला काय मिळणार? 2016 च्याच ई-कचरा नियमांत अनामतीची मुभा होती: विकताना थोडे पैसे जास्त घ्या, जुनी नळी आणली की परत द्या. तसे झाले, तर भंगारवाला चोकाआधी नळी मागेल.