सरकार नावाचा सासरा

बालाघाट जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1021, अख्ख्या मध्य प्रदेशात पहिला नंबर. तिकडे भिंड-मुरैन्यात हा आकडा साडेआठशेच्याही आत. एवढ्या बायका एका जिल्ह्यात म्हटल्यावर त्यांच्या पोटाची काळजी सरकारला जरा जास्तच असणार. काळजी इतकी, की त्या पोटाविषयी खुद्द त्या बाईला काही विचारून तिला उगाच त्रास द्यायचा नाही.

वारासिवनीकडच्या एखाद्या गावात दुसरं लेकरू झालं की आशाताई उंबऱ्यावर हजर. 'करून टाक बाई ऑपरेशन. शिबिर लागलंय, खात्यात पैसेही पडतील.' आज नाही म्हटलं तर उद्या पुन्हा. त्याच जिल्ह्यात बैहर-परसवाड्याच्या रानात चार-पाच बाळंतपणं सोसलेली बैगा बाई आपणहून म्हणाली, 'आता पुरे', तर वर्षानुवर्षं उत्तर ठरलेलं: तुमच्यात नाही करता येत, साहेबाचा कागद आणा.

हा कागद 1979 सालच्या आदेशाचा. बैगा आणि तशाच काही जमाती घटत चालल्या आहेत, सबब त्यांची नसबंदी करू नये, असं तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ठरवलं. हेतू वाईट नव्हता, आपल्याकडे तो सहसा नसतोच. जमात वाढवायचे दोन मार्ग: जन्मलेली पोरं जगवायची, नाहीतर आणखी जन्माला घालायची. पहिल्याला डॉक्टर लागतो, रस्ता लागतो, हिवतापाची गोळी लागते. दुसऱ्याला एक टायपिस्ट पुरतो.

शिवाय नातं आहेच. बैगांना 'राष्ट्रपतींचे दत्तक पुत्र' म्हणण्याची पद्धत आहे. दत्तक पुत्राची बायको म्हणजे घरची सून. सुनेने कुठे थांबायचं हे सासऱ्याने ठरवायचं, यात परंपरेला सोडून काय झालं?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त बाबू या आदेशाचे मोठे चाहते. 'अहो, कान्ह्यात बारशिंगा असाच वाचवला ना?' म्हणाले. मी म्हटलं, बाबूजी, बारशिंग्यासाठी कुरणं राखली. बैगांना मात्र त्याच कान्ह्यातून उठवलं. 'तपशिलात फार शिरता तुम्ही,' असं म्हणून त्यांनी चहा बशीत ओतला.

मग बायका काय करतात? दुसऱ्या जिल्ह्यात जातात, जात बदलून सांगतात. त्यातही एक पंचाईत आहे. बैगा मुलीच्या कपाळावर लहानपणीच गोंदण होतं, भुवयांच्या मध्ये, हिरवट निळं. फॉर्मवर नाव काही का लिहिना, नर्सने मान वर केली की कपाळ बोलतं. आधार कार्ड यायच्या कितीतरी आधीपासून या बायका आपली ओळख अशी कपाळावर घेऊन फिरताहेत, आणि ती लपवावी लागते ती फक्त दवाखान्यात.

अर्थात, आत शिरता आलं म्हणजे जिंकलं असंही नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये शेजारच्या छत्तीसगढात, बिलासपूरजवळ, एका डॉक्टरांनी काही तासांत 83 बायकांचं दुर्बिणीचं ऑपरेशन उरकलं. दिवसाला फार तर 30, असा सरकारचाच नियम. त्या जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त जणी दगावल्या आणि त्यांत एक बैगा बाईही होती. म्हणजे जिला कायद्याने मनाई, ती उद्दिष्टात मात्र बरोबर बसली! त्याच महिन्यात ओडिशाच्या अंगुल जिल्ह्यात एका शिबिरात पोट फुगवायला सायकलचा पंप वापरला. वैद्यकीय तंत्रज्ञान खेड्यापर्यंत पोचत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. पुढे 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

पुरुषांची नसबंदी सोपी, पोट उघडावं लागत नाही, माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो. म्हणून पुरुषांना समजवावं लागतं. 2008 साली आमच्याच राज्यातल्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने नामी युक्ती काढली: नसबंदी करा, बंदुकीचा परवाना लवकर मिळवा. बाईला पंप, पुरुषाला बंदूक.

फेब्रुवारी 2020 मध्ये भोपाळहून फर्मान निघालं, की ज्या पुरुष आरोग्य कर्मचाऱ्याने एकही पुरुष नसबंदीसाठी आणला नाही, त्याचा पगार थांबेल, सक्तीने घरीही बसवू. केवढा गहजब! आणीबाणी आठवली, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, पुरुषाच्या देहावर हा घाला म्हणून माणसं खवळली. रास्तच होतं ते. दहा-बारा दिवसांत आदेश मागे.

1979 चा आदेश मात्र चांगला ठणठणीत निघाला. 2000 साली राज्याची वाटणी झाली तेव्हा तो छत्तीसगढच्याही वाट्याला गेला, आणि 2017 साली तिथल्या काही बैगा बायकांना त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 38 वर्षांत एकाही वाहिनीला आणीबाणी आठवली नव्हती.

हे सगळं मी बाबूजींना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बशी खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, 'ते शिवपुरीचं म्हणालात ना तुम्ही... ऑपरेशन बायकोने करून घेतलं, तर परवाना आपल्या नावावर होतो का हो?'