लिलावाआधीचे पंडित

आलापल्लीच्या सागाची रीत सरळ आहे. ओंडका डेपोत येतो, लांबी-गोलाई मोजली जाते, टोकावर हातोड्याचा ठसा बसतो. व्यापारी वाकून आत पोकळ आहे का बघतो, मगच बोली लावतो.

चौकातल्या टपरीवर मात्र आयपीएलच्या लिलावाला सहा महिने असतानाच पोरांचे भाव फुटतात. ‘हा 15 कोटींच्या खाली जातच नाही बे!’ सांगणाऱ्याचे स्वतःचे धानाचे चुकारे अजून अडकलेले. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला ऋषभ पंतचे 27 कोटी झाले, 13 वर्षांच्या वैभव सूर्यवंशीचे 1 कोटी 10 लाख. तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक पोर डावखुरंच खेळतं.

बेसबॉलवाले अमेरिकन तर आपलेही गुरू. शाळकरी पोरांच्या क्रमवाऱ्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, वर्षभर आधी तयार. पण 1988 च्या ड्राफ्टमध्ये माइक पियाझा या खेळाडूला 62व्या फेरीत घेतलं, तेही वडिलांच्या ओळखीवर. 2016 मध्ये तो थेट हॉल ऑफ फेममध्ये. पंडितांची दुकानं बंद झाली? छे, शाखा निघाल्या.

आमच्याही टपरीवर पुढची यादी तयार आहे. पहिलं नाव टपरीवाल्याच्या भाच्याचं. उधारी चालू असलेल्या सगळ्यांचं त्यावर एकमत आहे.