पंचेचाळीस शेअरांचा मालक

बिलोलीत पैसेवाला माणूस वाळूत पैसा घालतो, नाहीतर प्लॉटात. मी माणसांत घातला. म्हणजे क्वेस कॉर्पमध्ये. दुसऱ्यांच्या कंपन्यांना माणसं पुरवायची, त्यांचे पगार काढायचे, पीएफ भरायचा, हा तिचा धंदा. 2016 साली शेअर 317 रुपयांना निघाला, कमीत कमी 45 घ्यायचे. लॉटरीत माझा नंबर लागला आणि त्या दिवसापासून मी टपरीवर 'आमची कंपनी' म्हणू लागलो. या धंद्यात उलाढाल डोळे फिरवणारी, पण तीत बहुतेक दुसऱ्यांचा पगारच. लग्नात आहेर लिहून घेणाऱ्यासारखं आहे हे: वही भरते, खिसा भरत नाही.

पीएफचं मात्र सांगायलाच हवं. आमच्याकडे निम्मी आडनावं 'वार'वर संपतात. आधारवर डब्ल्यू, पॅनवर व्ही, सनदेवर दोन ए. त्यात गोदावरी जवळ, म्हणून घरटी एक गंगाधर. कुणी त्यात एच घालतो, कुणी गाळतो. पगारातून 12 टक्के कापताना स्पेलिंग कुणी विचारत नाही. काढायला जा, की तुम्ही तुम्हीच नसता! मग कित्येकांना दुरुस्तीचा फॉर्म, त्यावर मालकाचा सही-शिक्का. मालक कोण? एजन्सीमार्फत लागलेल्याला कचेरी म्हणते एजन्सी, एजन्सी म्हणते कचेरीला विचारा.

माझा भाचा अशाच एका कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. एजन्सी दुसरी, आमची नव्हे. हे मी न विचारता सांगतो. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, अभ्यासिकांतली पोरं भडकली, ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. भाचा आधीच आत होता, त्याला कुणी मागे घेतलं नाही. कचेरीतल्या सगळ्यांची पगारबिलं तोच टाइप करतो. त्याचा स्वतःचा पगार सण उलटल्यावर येतो. पोळ्याला बहिणीनं पुरणाची डाळ उधार आणली, हे मला किराणावाल्याकडून कळलं. कुणाचा तरी पगार रखडवून कुणाचा धंदा चालत असेल, तर त्याला धंदा का म्हणायचं?

परवा भाच्यानं टपरीवर तो दुरुस्तीचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "मामा, मालक म्हणता की सवताला. मारा की शिक्का."

शिक्का नाही म्हणालो.

"मग कसले मालक हो," म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानंच दिले.