कडीमोल

निवृत्त माणूस अमेरिकेत लेकीकडे गेला की तिसऱ्या आठवड्यात त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: भांडी पुसणं किंवा गॅरेज आवरणं. न्यू जर्सीत मी गॅरेज निवडलं. तिथे जावईबापूंनी हौसेने घेतलेला आणि तितक्याच हौसेने विसरलेला मेटल डिटेक्टर सापडला. लांब दांडा, टोकाला थाळी, कानाला हेडफोन. लेकीने रीतसर परवानगी काढून दिली आणि मी कोपऱ्यावरच्या पार्कात नाणी शोधायला उतरलो.

“आजोबा गवताला व्हॅक्यूम करतात,” ही बातमी नातवाने शाळेत पोचवली. येणारा-जाणारा आस्थेने विचारी, “काय हरवलंय?” काहीच हरवलं नाही, तरी शोधतोय, हे इंग्रजीत पटवता येईना. मराठीत ते हिलाही पटलं नव्हतं.

उकरण्याची शिस्त मात्र मी पाळली. नालेच्या आकारात हिरवळ कापायची, झाकणासारखी उलटायची, ऐवज काढायचा आणि झाकण परत दाबून बसवायचं. चोरून श्रीखंड खाल्ल्यावर डबा जसा निरागस दिसतो, तसं गवत दिसलं पाहिजे.

थाळीतून चुंबकीय लहर जमिनीत जाते, धातूत वीज खेळवते आणि त्याचं उत्तर पडद्यावर आकडा होऊन येतं. आकडा मोठा, तर चांदीची आशा. अमेरिकेच्या डाइम या नाण्यात 1964 पर्यंत 90 टक्के चांदी असे. 1965 पासून तांबं आणि निकेल. मला सापडलेली पहिली डाइम 1965 ची. मॅट्रिकचा फर्स्ट क्लास एका मार्काने, बढती एका वर्षाने हुकलेल्या माणसाला दुसरी कुठली सापडणार? 1982 नंतरच्या पेनी आतून जस्ताच्या. मातीत त्या किडक्या दाढेसारख्या होतात. पेनी पाडायला पेनीहून जास्त खर्च येतो म्हणून 2025 च्या नोव्हेंबरात सरकारने चलनासाठी त्या पाडणंच थांबवलं. आदल्याच आठवड्यात मी चौदा पेनी उकरल्या होत्या!

पण खरा छळ मांडला तो कड्यांनी. एके काळी बिअर-कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी ओढली की हातातच येई आणि लोक ती गवतात भिरकावत. डबे सुधारले, लोकही सुधारले असतील. कड्या मात्र तिथेच वाट बघत होत्या. त्यांचा आकडा निकेल नावाच्या नाण्याच्या अगदी शेजारी. दर वेळी आशेने गुडघे टेकायचे आणि कडी घेऊन उठायचं. शेवटी मी वैतागून यंत्राला सांगितलं, या आकड्यांना अजिबात वाजू नकोस. पार्कात शांतता पसरली.

मग एका गारठलेल्या संध्याकाळी हिच्या सैल झालेल्या बोटातली अंगठी गेली.

“आता दाखवा तुमच्या त्या काठीचा प्रताप!”

मी आधी पलंगावर थाळी फिरवली. गादीतल्या स्प्रिंगांनी नुसता आकांत केला. नातू म्हणाला, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचंही असंच झालं होतं. 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी तो असल्याच यंत्राने शोधत होता आणि पलंगातल्या पोलादी तारांनी त्याला चकवलं. शिवाय डॉक्टरांनी शोधू दिलं उजवीकडे, गोळी होती डावीकडे. मला जरा धीर आला.

मग पार्कातला बाक. आम्ही रोज बसतो त्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. यंत्र मौनात. “इथे नाही,” मी अधिकारवाणीने जाहीर केलं. नातवाने यंत्र मागून घेतलं, एक बटण दाबलं आणि बाकाच्या पायाशीच ते खणखणीत वाजलं. पानांखाली अंगठी!

सोन्याच्या अंगठीचा आकडा पुष्कळदा कड्यांच्याच पंगतीत बसतो. कड्या नकोत म्हणून मी सोन्यालाही गप्प केलं होतं.

“म्हणजे तुमच्या लेखी सोनंसुद्धा कडीमोल,” ही म्हणाली आणि अंगठी पदराला पुसून घातली.

तेव्हापासून मी एकही कडी सोडत नाही. परत निघण्याआधी हिशेब मांडला: 211 कड्या, 4 डॉलर 37 सेंट आणि सोन्याची एक अंगठी, जी मुळात आमचीच होती.