लाइट डीम होती

डोंगरकड्यात नांदेड-हिंगोली रस्त्याला ज्याच्या दारात मोडकं वाहन उभं, तो मिस्त्री. नाव विचारू नका. ते फक्त रेशन कार्डावर असतं. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांचे फाळके, हळद निघाली की शिजवायचे कुकर, आणि बारमाही म्हणजे पुण्याला जाणाऱ्या जुन्या ट्रॅव्हल्सच्या डिक्या.

या डिकीत काय जात नाही? पोरांची अंथरुणं, ज्वारीचं पोतं, हळदीचा कट्टा, जमलं तर मोटारसायकल. दार लागेना की क्लीनर पाठ लावून रेटतो. सगळा भार वरच्या लांब पट्टीच्या बिजागरीवर. चिखलपाण्यानं पिन गंजते, भोकं लांबट होतात आणि दार एका कोपऱ्यात लोंबायला लागतं.

मिस्त्री लगेच हात लावत नाहीत. चहा येईपर्यंत नुसते बघतात. मग निदान होतं.

"हे कोन्या गाढवानं जोडलंय?"

ड्रायव्हर अदबीनं सांगतो, "तुम्हीच की मालक, मागच्या दिवाळीत."

मिस्त्री ढिम्म. "तवा लाइट डीम होती."

नांदेडहून नवी बिजागरी आणू का, असं मात्र चुकूनही विचारू नये. "आणा की. नव्यात लोखंड निघालं तर मला दाखवा."

पण हाताला तोड नाही, हे मान्य करावंच लागतं. आधी बॅटरीची वायर काढायला लावतील, नाहीतर वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटर जायचा. दाराखाली जॅक देतील, कारण पिन निघाली की दार थेट पायावर येतं. पिनीवर डिझेल सोडून बिडी संपेपर्यंत थांबतील, मग ठोकतील. पत्रा पातळ, म्हणून सलग वेल्डिंग नाही. अंतरा-अंतरानं टाके, नाहीतर पत्रा तापून पिळवटतो. एवढं शास्त्र पाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर मात्र जत्रेतला गॉगल.

संध्याकाळी दार खटकन बसतं. फट नाही, लोंबणं नाही. मिस्त्री दोन लाथा घालून दाखवतात. दार हलत नाही. ड्रायव्हर खूश होऊन मूठ ओढतो. तरी हलत नाही. क्लीनर पहार लावतो.

"मालक, उघडंना की."

"तुमची तक्रार काय होती? लागत नाही. आता लागलं."

"मग उघडायचं कसं?"

"हातोडा आण, सांगतो."

हातोडा डिकीत.